अकरा मिलिमीटर

इब्राहिम मुजावर पेढ्यांचा डबा घेऊन आले तेव्हा सुनेत्रा धायगुडेच्या ऑफिसात सोमवारची बैठक चालू होती. काचेच्या दारातून त्यांना पाहताच ती बोलणं अर्धवट सोडून उठली. दीड वर्षात ते इकडे फिरकले नव्हते. दाढी आता पूर्ण पांढरी झाली होती आणि गुडघ्याचं दुखणं चालण्यात दिसत होतं.

"मुजावरभाई! अहो, फोन तरी करायचा."

"फोनवर पेढा खाता येतो का? घे. आस्मानं घर घेतलं."

टाळ्या वाजल्या. सातजणांच्या त्या टीममध्ये चौघांना हा धंदा मुजावरांनीच शिकवला होता. सुनेत्रालाही. वीस वर्षांपूर्वी झेरॉक्सच्या दुकानाबाहेर एक टेबल आणि दोन खुर्च्या टाकून दोघांनी घरांची दलाली सुरू केली, तेव्हा ती चोवीस वर्षांची होती आणि मुजावर एक्केचाळीसचे.

"कुठं घेतलं?" तिने पेढा उचलत विचारलं.

"पाथरवाडीला. शिल्पवैभव. सी विंग, सातवा मजला. हडपसरच्या एका एजंटानं दाखवलं. मी कागद बघितले तर विकणारे तुझेच डॉक्टर पोफळे! म्हटलं, सुनेत्रानं निवडून दिलेला फ्लॅट आहे, आता आणखी काय तपासायचं? डोळे मिटून सही केली."

सुनेत्राच्या हातातला पेढा तसाच राहिला. टेबलाच्या दुसऱ्या टोकाला बसलेल्या ऋजुता नवाथेने लॅपटॉपवरून मान वर केली. दोघींची नजरानजर झाली.

"शुक्रवारी दुपारी जेवायला यायचं सगळ्यांनी," मुजावर म्हणत होते. "आस्माची आई बिर्याणी करणार आहे."

ते गेल्यावर सुनेत्राने बैठक मोडली आणि ऋजुताला आत बोलावलं.

सुनेत्राची टीम शहरात प्रसिद्ध होती. राहायला घर हवं असलेल्या माणसाला तिथे जागा नव्हती. टीम काम करायची ती फक्त गुंतवणूकदारांचं. एकजण फक्त जागा हेरायचा, एकजण कायद्याचे कागद बघायचा. बँकेतली नोकरी सोडून आलेला प्रद्युम्न शेवडे भाडेकरू सांभाळायचा. विकण्याची वेळ आली की फ्लॅट बाहेरच्या छोट्या एजंटांकडे सोपवला जायचा. घेणारा कोण, हे टीममधल्या कुणालाच कळत नसे. ही रचना सुनेत्राने विचारपूर्वक केली होती. घेणाऱ्याचा चेहरा दिसला की एजंट मऊ पडतो, असं तिचं मत होतं.

मुजावरांना हे पटलं नव्हतं. "घेणारा आणि विकणारा, दोघंही आपल्यासमोर बसले पाहिजेत," ते म्हणायचे. शेवटी गुडघ्याचं कारण सांगून ते बाजूला झाले. त्यानंतर तीन महिन्यांनी ऋजुता आली.

ऋजुता भूभौतिकीची डॉक्टर होती. तिने आणलेली गोष्ट तेव्हा दुसऱ्या कुठल्याही एजंटाकडे नव्हती. उपग्रह वरून रडारच्या लहरी सोडतो. इमारतींच्या कोपऱ्यांवर, गच्चीच्या कठड्यांवर आपटून त्या परत जातात. तोच उपग्रह पुन्हा त्याच जागेवरून गेला आणि दरम्यान तो कोपरा केसभर जरी खचला असला, तरी लहर किंचित उशिरा परतते. दोन लहरींमधला तो फरक मोजला की शेकडो किलोमीटर उंचीवरून जमिनीची एका मिलिमीटरची हालचाल कळते. ही पद्धत जुनीच. पूर्वी मात्र उपग्रह बऱ्याच दिवसांनी एकदा यायचा. आता, २०३९ साली, लहान उपग्रहांचे थवे दिवसातून दोनदा शहरावरून जात होते आणि ऋजुताचा प्रोग्रॅम प्रत्येक इमारतीचा प्रत्येक कोपरा तपासत होता.

गेल्या ऑक्टोबरात तिने शिल्पवैभवच्या सी विंगवर बोट ठेवलं होतं. पाथरवाडीत पूर्वी दगडाच्या खाणी होत्या. एक खाण राडारोडा टाकून बुजवली आणि वर इमारत उभी राहिली. सी विंगचे तीन कोपरे खडकावर होते, चौथा भरावावर. भोवतीच्या बोअरवेल पाणी उपसत होत्या, पाण्याबरोबर भरावातली माती वाहून जात होती. वर्षभरात तो चौथा कोपरा अकरा मिलिमीटर खाली गेला होता.

"पडेल का?" सुनेत्राने तेव्हा विचारलं होतं.

"या वेगाने पाच वर्षंही निघतील, मॅडम. वेग वाढला तर पाच महिनेसुद्धा नाहीत. इतक्यात सांगता येणार नाही."

"मग आपल्या क्लायंटना कळव. बाहेर पडू देत."

"आणि तिथं राहणाऱ्यांना?"

"ते आपले क्लायंट नाहीत," सुनेत्रा म्हणाली होती.

सी विंगमधल्या छप्पन्न फ्लॅटपैकी एकतीस तिच्या गुंतवणूकदारांचे होते. जानेवारी संपेपर्यंत सगळे विकले गेले. भिंतीला तडा नव्हता, फरशी हलली नव्हती. भाव पूर्ण मिळाला. डॉक्टर पोफळ्यांनी तिला पैठणी पाठवली.

"आजचा आकडा काय?" सुनेत्राने आत येताच विचारलं.

ऋजुता लॅपटॉप छातीशी धरून दारातच थांबली.

"ऋजुता, मी विचारतेय, आज तो कोपरा कुठं आहे?"

"माहीत नाही, मॅडम. शेवटचा फ्लॅट विकला गेला तेव्हा आपला तिथं कुणी क्लायंट उरला नाही. शेवडेसरांनी ती इमारत यादीतून काढायला सांगितली. पाच आठवडे मी बघितलेलंच नाही."

सुनेत्राला वाटलं आपण चुकीचं ऐकलं. मग तिच्या लक्षात आलं की क्लायंट असेल तेवढ्याच इमारती बघायच्या, हा नियमही आपलाच आहे.

पाच आठवड्यांची मोजमापं उतरवून घ्यायला तासभर लागला. ऋजुताने आलेख पडद्यावर टाकला. रेघ आधी जवळजवळ आडवी होती. फेब्रुवारीच्या दुसऱ्या आठवड्यात ती वळली आणि मग उतारच लागला. कोपरा आता एकूण एक्केचाळीस मिलिमीटर खाली होता. त्यातले नऊ गेल्या तीन दिवसांतले.

"दरड कोसळण्याआधी वापरतात ती पद्धत लावून बघते," ऋजुता म्हणाली. "खचण्याचा वेग वाढत जातो ना, तेव्हा एक भागिले वेग हा आकडा कमी कमी होत जातो. हे आकडे मांडले की सरळ रेघ खाली उतरते. जिथं ती शून्याला टेकते, तिथं वेगाला काही मर्यादाच राहत नाही. म्हणजे..."

"म्हणजे पडते."

"हो."

रेघ शुक्रवारी शून्याला टेकत होती. दोन दिवस इकडे किंवा तिकडे.

सुनेत्राने वकिलाला फोन केला. त्याने शांतपणे ऐकून घेतलं आणि महानगरपालिकेला निनावी पत्र टाकायचा सल्ला दिला. ऑक्टोबरचा अहवाल कुणाच्याही हाती लागता कामा नये, हे त्याने दोनदा बजावलं. सुनेत्राने फोन ठेवला, कपाटातली फाइल काढली आणि गाडीची किल्ली घेतली.

आस्मा घरीच होती. ती फिजिओथेरपिस्ट होती; पुढच्या खोलीत तिने रुग्णांसाठी पलंग मांडला होता. नवरा कामावर गेला होता. मुजावर आणि त्यांची बायको भाड्याचं घर सोडून कालच तिच्याकडे राहायला आले होते आणि जमिनीवर बसून लसूण सोलत होते.

"मावशी, या ना! शुक्रवारपर्यंत दम निघाला नाही वाटतं?" आस्मा हसली. "बघा घर. सगळं छान आहे, फक्त बेडरूमचं दार लागत नाही. सुतारानं दोनदा रंधा मारला तरी पुन्हा अडकतंय."

सुनेत्रा त्या दाराकडे बघत राहिली. चौकट वरच्या कोपऱ्यात बोटभर तिरकी झाली होती.

"मुजावरभाई, सामान बांधा," ती म्हणाली. "आजच्या आज. ही इमारत खचतेय."

तिने फाइलमधला शहराचा नकाशा दाखवला, आलेख दाखवला. आस्मा पुन्हा पुन्हा प्रश्न विचारत होती. मुजावर एकही प्रश्न न विचारता नकाशावरचे लाल ठिपके बघत होते. मग त्यांनी चष्मा काढला.

"तुला कधी कळलं?"

"वेग वाढल्याचं आज कळलं."

"खचतेय हे कधी कळलं?"

"ऑक्टोबरात."

"आम्ही डिसेंबरात सही केली," मुजावर म्हणाले.

आस्माच्या आईच्या हातातली लसणाची पाकळी खाली पडली.

"भाई, घेणारे तुम्ही आहात हे मला माहीत नव्हतं. शपथेवर सांगते."

"माहीत नसावं अशीच सोय केली होतीस तू." त्यांचा आवाज चढला नव्हता, त्यामुळे ते ऐकणं जास्त कठीण होतं. "मी नसतो, दुसरं कुणी असतं, तर आज आली असतीस का?"

तिने तोंड उघडलं होतं, पण खरं उत्तर काय आहे हे तिला त्याच क्षणी कळलं आणि ती स्वतःच हबकली.

संध्याकाळी पाच वाजता पार्किंगमध्ये सी विंगची माणसं जमली. अध्यक्षा विद्युल्लता काळोखे निवृत्त मुख्याध्यापिका होत्या. सुनेत्राचं बोलणं त्यांनी हाताची घडी घालून ऐकलं.

"तुमचं नाव ऐकून आहे मी," त्या म्हणाल्या. "गेल्या वर्षी शेजारच्या सोसायटीत तुमचीच माणसं आली होती. इथलं पाणी आटणार म्हणून घाबरवलं आणि म्हाताऱ्या माणसांकडून पडत्या भावात घरं घेतली. आता आमची पाळी का?"

"बरोबर बोलल्या मॅडम!" मागून कुणीतरी ओरडलं. "हाकला बाईला!"

सुनेत्राने हे गृहीत धरलंच नव्हतं. तिला वाटलं होतं की लोक घाबरतील, रडतील, तिला शिव्या देतील. आपण खरं सांगू आणि ते कुणाला खरंच वाटणार नाही, हे तिच्या मनातही आलं नव्हतं. ती आलेख समजावू लागली तर लोक हसले. एकजण मोबाइलवर तिचं चित्रीकरण करू लागला.

मग तिने फाइल उघडली आणि आतली एकतीस पत्रं काळोखेबाईंच्या हातात ठेवली.

"वाचा. मोठ्यानं वाचा."

बाईंनी चष्मा लावला. "सात ऑक्टोबर. प्रिय डॉक्टर पोफळे, शिल्पवैभव सी विंगचा आग्नेय कोपरा भरावावर असून तो खचत असल्याचं आमच्या पाहणीत आढळलं आहे. ही माहिती अद्याप बाजारात नाही. आपण शक्य तितक्या लवकर आपला फ्लॅट विकून बाहेर पडावं..." त्या थांबल्या. खालची सही त्यांनी बघितली, मग सुनेत्राकडे बघितलं. "ही तुमची सही?"

"माझीच. एकतीस पत्रं आहेत. ज्यांनी ऑक्टोबरनंतर घरं घेतली त्यांनी आपापल्या विकणाऱ्याचं नाव शोधा. मी तुम्हाला घाबरवून घरं घ्यायला आलेली नाही. मी तुम्हाला ती आधीच विकलीत."

मग एक तरुण माणूस गर्दीतून पुढे आला. जानेवारीत त्याने तिसऱ्या मजल्यावर घर घेतलं होतं. त्याने सुनेत्राचा दंड धरला आणि नुसता धरूनच ठेवला. पुढे काय करावं हे त्याला सुचत नव्हतं. त्याचे डोळे भरून आले होते.

"सोड तिला, बेटा," मुजावर म्हणाले. ते लिफ्टपाशी उभे होते. "खोटं बोलायचं असतं तर तिनं हे दाखवलं नसतं. ती खरं बोलतेय. वर जा आणि सामान बांध."

त्या रात्रीपासूनच लोक बाहेर पडू लागले. महानगरपालिकेचे इंजिनिअर मंगळवारी आले, तिरक्या चौकटी बघून गंभीर झाले आणि बुधवारी इमारतीला सील लागलं. छप्पन्न कुटुंबांपैकी काही नातेवाइकांकडे गेली, उरलेली जवळच्या पालिकेच्या शाळेत राहिली. सुनेत्रा रोज तिथे जाऊन चहाच्या किटल्या उचलायची. तिच्याशी कुणी बोलत नव्हतं.

शुक्रवारी काही झालं नाही.

शनिवारीही इमारत उभी होती. संध्याकाळी लोक आपसात कुजबुजायला लागले. रविवारी सकाळी नऊच्या सुमारास पाचव्या मजल्यावरचे वामन खैरे पोलिसाची नजर चुकवून आत गेले. बायकोचं कानाचं यंत्र वर राहिलं होतं आणि त्याच्याशिवाय तिला काहीच ऐकू येत नव्हतं. चार दिवस तिच्याशी खुणांनी बोलावं लागत होतं, हे त्यांना बघवत नव्हतं.

सुनेत्रा रस्त्याच्या पलीकडे होती. आधी कुठेतरी एक फरशी फुटल्यासारखा आवाज झाला. मग आग्नेय कोपरा अगदी सावकाश, एखादं माणूस गुडघ्यावर बसावं तसा खाली बसला आणि वरचे मजले त्याच्यामागोमाग आले. धूळ बसायला वीस मिनिटं लागली. खैरे दुसऱ्या मजल्याच्या जिन्यात सापडले. यंत्राची डबी त्यांच्या खिशात होती.

त्यांच्या बायकोने आवाज ऐकला नव्हता. तिला सांगायचं कसं, हेच कुणाला कळेना. शेवटी काळोखेबाईंनी शाळेच्या फळ्यावर खडूने लिहिलं.

सोमवारी सकाळी सुनेत्रा पोलीस ठाण्यात जबाब देऊन शाळेत आली. बोलावलं की यायचं, शहर सोडायचं नाही, अशी तंबी मिळाली होती. आस्मा वर्गातल्या बाकावर बसून फोनमध्ये काहीतरी शोधत होती. तिने मान वर केली. आठवडाभरात ती पहिल्यांदाच तिच्याशी बोलली.

"मावशी, एक भाड्याचं घर बघून द्याल? कुठलंही चालेल. माझे पेशंट इथलेच आहेत, लांब गेले तर काम बंद पडेल. तीन दिवस शोधतेय. परवा रिकामे असलेले फ्लॅट आज गेलेत म्हणतात. एक मिळतोय, तर भाडं दुप्पट सांगतायत."

कुणीतरी आपल्याला काम सांगितलं याचंच सुनेत्राला इतकं बरं वाटलं की तिने तिथेच उभ्या उभ्या ऑफिसला फोन लावला. प्रद्युम्न शेवडेने पहिल्याच रिंगला उचलला.

"मॅडम! किती दिवस प्रयत्न करतोय मी. चांगली बातमी आहे."

"प्रद्युम्न, पाथरवाडीच्या आसपास एक भाड्याचा फ्लॅट हवाय. लगेच."

"तिथं आता काहीच नाही, मॅडम. सगळं आपणच उचललंय." त्याच्या आवाजातला उत्साह लपत नव्हता. "तुम्ही मंगळवारी सकाळी फोनवर सांगितलंत ना, की विंग रिकामी होतेय? मी लगेच सगळ्या क्लायंटना कळवलं. छप्पन्न कुटुंबं एकदम भाड्याचं घर शोधणार, शेजारच्या विंगचे लोकही घाबरून निघणार. तीन किलोमीटरच्या आतले एकशे बारा फ्लॅट शनिवारपर्यंत मालकांकडून भाडेकरारानं घेतले. भाडी दुप्पट झालीत. पोफळेसरांनी एकट्यानं चौदा घेतले."

सुनेत्राने आस्माकडे पाठ फिरवली.

"सोड ते," ती म्हणाली. "सगळे सोडून दे. जुन्या भाड्यानं या लोकांना दे."

"मी कसा सोडणार? करार क्लायंटचे आहेत, आपले नाहीत." तो खरोखर गोंधळला होता. "मॅडम, मी काही चुकलो का? आपण गुंतवणूकदारांचं काम करतो, दुसऱ्या कुणाचं नाही. मी रुजू झालो त्या दिवशी तुम्हीच सांगितलं होतं. तुम्ही ऑफिसात नव्हता, म्हणून तुम्ही काय केलं असतंत याचा विचार केला आणि तसंच केलं."

वर्गात फोनमधला शब्द न् शब्द सगळ्यांना ऐकू जात होता. आस्माने आपला फोन उलटा करून बाकावर ठेवला. मुजावर उठले, भिंतीशी ठेवलेल्या दोन बॅगांपैकी एक त्यांनी उचलली.

"आम्ही दोघं सोलापूरला जातो, माझ्या बहिणीकडे," ते मुलीला म्हणाले. "तुम्ही जावईबापूंच्या मित्राकडे राहा काही दिवस. चौघांना जागा कुठं मिळणार?"

दुसरी बॅग सुनेत्राने उचलली. त्यांनी नको म्हटलं नाही. फाटकाबाहेर रिक्षा उभी होती. आस्माची आई आत बसली. मुजावर दुखरा गुडघा हाताने उचलून कसेबसे आत सरकले. सुनेत्राने बॅग त्यांच्या पायांशी ठेवली.

"भाई, मी..."

"तू दाखवलेल्या नकाशावर," त्यांनी तिला तोडलं, "लाल ठिपके आणखी होते. मी बघितले. किती आहेत?"

"सेहेचाळीस."

रिक्षावाला गाडी सुरू करायचा थांबला आणि मागे वळून बघू लागला.

"सेहेचाळीस इमारती?" मुजावरांनी विचारलं. "माणसं राहतात त्यांत?"

"हो."

"त्यांना माहीत आहे?"

सुनेत्राने नकारार्थी मान हलवली.

मुजावर तिच्याकडे बघत राहिले. वीस वर्षांत त्यांनी तिच्याकडे असं कधी पाहिलं नव्हतं.

"मग इथं काय उभी आहेस?" ते म्हणाले.

रिक्षा निघून गेली. सुनेत्राने ऋजुताला फोन लावला आणि पहिल्या इमारतीचा पत्ता विचारला. ती रस्त्याने झपाझप चालू लागली होती. गाडी शाळेपाशीच राहिली आहे, हे तिच्या लक्षातही आलं नाही.